डॉ. द्वारकानाथ कोटणीस : एक समर्पित जीवन आणि एक समजून घ्यावयाचा आजार

महाराष्ट्राच्या मातीने देशाला अनेक वैद्यक दिले. परक्या देशातील जखमींच्या सेवेत आपले आयुष्य वेचून त्याच भूमीत विसावलेले डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे स्थान त्यांत वेगळे आहे. त्यांच्या त्यागाची कथा शालेय पुस्तकांतून, चित्रपटातून व भाषणांतून सर्वांच्या परिचयाची झाली. तथापि, अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन ज्या आजाराने झाले, त्या अपस्माराविषयी फारसे बोलले जात नाही. थोर पुरुषाचे चरित्र सांगताना त्याच्या आजाराचा उल्लेख ओझरता करावा, अशी आपल्याकडे प्रथा आहे. अपस्मारासारखा आजार असेल, तर तो उल्लेखही पुष्कळदा टाळला जातो. या लेखात त्यांचे जीवन आणि तो आजार या दोहोंचा एकत्र परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे. निवासी शाळेत शेकडो मुले एका छताखाली राहतात, जेवतात व झोपतात. अशा ठिकाणी हा परिचय केवळ माहितीपुरता उरत नाही, तो प्रसंगी उपयोगी पडतो.

बालपण आणि शिक्षण

द्वारकानाथ यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. भावाबहिणींचे मोठे कुटुंब आणि बेताची मिळकत, अशा घरात त्यांचे बालपण गेले. त्या काळी सोलापूर हे कापडगिरण्यांचे, कष्टकऱ्यांचे आणि जागृत जनतेचे शहर होते. १९३० च्या मे महिन्यात कायदेभंगाच्या चळवळीत तेथे इंग्रज सरकारला लष्करी कायदा पुकारावा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेले. त्या वेळी द्वारकानाथ वीस वर्षांचे होते. ज्या शहराने हे सर्व पाहिले, त्याच शहराचे संस्कार घेऊन हा तरुण वैद्यकीय शिक्षणाकडे वळला.

मुंबईतील परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. १९२६ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयाचे एक वैशिष्ट्य होते. तेथील अध्यापक भारतीयच असावेत, अशी देणगीदारांची अट होती. भारतीय डॉक्टर कोणाहून उणा नाही, हा विश्वास तेथील विद्यार्थ्यांना आपोआप मिळत असे. द्वारकानाथांनी वैद्यकीय पदवी संपादन केली आणि शस्त्रक्रियाशास्त्रात पुढील शिक्षण घेण्याची तयारी चालविली. घरच्यांच्या आशा त्यांच्यावर होत्या. मुंबईत किंवा सोलापुरात स्थिरस्थावर होण्याचा मार्ग मोकळा होता.

१९३८ चा निर्णय

१९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सैन्याकडे जखमींवर उपचार करण्यास पुरेसे डॉक्टर नव्हते आणि औषधांचीही टंचाई होती. चिनी सेनानी चू-ते यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची विनंती केली. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केले. देशभर निधी गोळा झाला. सुमारे २२,००० रुपये जमले आणि पाच डॉक्टरांचे पथक निश्चित झाले.

या पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल होते. स्पेनच्या यादवी युद्धातील वैद्यकीय सेवेचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे अन्य सदस्य. म्हणजे पाचांपैकी दोघे आजच्या महाराष्ट्रातले. स्वतःचा देश पारतंत्र्यात असताना दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी धावून जाणे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. सप्टेंबर १९३८ च्या प्रारंभी हे पथक मुंबईहून बोटीने निघाले.

चीनमध्ये प्रथम हांकौ, नंतर चुंगकिंग अशा ठिकाणी काम करून फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनान येथे पोहोचले. येनान हे डोंगरातल्या गुहांमध्ये वसलेले केंद्र होते. रुग्णालये, शाळा व राहण्याच्या जागा मातीच्या कड्यांत खोदलेल्या होत्या. पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांना 'हुआ' हे अक्षर जोडण्यात आले. त्याचा अर्थ चीन. कोटणीसांचे नाव 'के दिहुआ' झाले. आजही तेथे त्यांना याच नावाने ओळखतात.

याच काळात सोलापुरात त्यांच्या वडिलांचे निधन झाले. ही वार्ता त्यांना परदेशात कळली. परतण्याची मुभा असतानाही त्यांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. पुढे प्रकृती व अन्य कारणांनी सहकारी एकेक करून परतत गेले. कोटणीस मात्र परत आले नाहीत.

रणभूमीवरील रुग्णालय

१९३९ च्या अखेरीस कोटणीस आघाडीच्या दिशेने निघाले. तेथे कॅनडाचे प्रसिद्ध शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून काम करीत होते. परंतु हे पथक पोहोचण्यापूर्वीच, १२ नोव्हेंबर १९३९ रोजी, शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन बेथ्यून यांचे निधन झाले. जी जागा रिकामी झाली, ती पुढे कोटणीसांनी भरून काढली. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले.

रुग्णालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पक्की इमारत येते. तेथे तसे काही नव्हते. शत्रू जवळ आला की सारे सामान खेचरांवर लादून दुसऱ्या खेड्यात हलवावे लागे. शेतकऱ्याच्या घरातील दालन हाच शस्त्रक्रियेचा कक्ष असे. थंडी कडाक्याची, आहार निकृष्ट व झोप अपुरी. १९४० मधील एका दीर्घ लढाईत त्यांनी सुमारे ८०० जखमींवर उपचार केले आणि सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे.

कोटणीस चिनी भाषा बोलण्यास तर शिकलेच, शिवाय त्या भाषेत ते विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियाशास्त्र शिकवू लागले. आपल्यानंतरही काम चालू राहावे, तर माणसे तयार केली पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहिले. दुसऱ्या पुस्तकाचे काम त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले.

बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात कोटणीसांची कुओ छिंगलान या परिचर्या शिकविणाऱ्या तरुणीशी ओळख झाली. १९४१ च्या अखेरीस दोघांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव 'यिनहुआ' ठेवण्यात आले. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन.

आजाराची चाहूल

चीनमधील शेवटच्या काळात कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले. आपल्याकडे यालाच फिट, फेफरे, मिरगी किंवा आकडी असे म्हणतात. प्रकृतीसाठी मागे सुरक्षित ठिकाणी जावे, विश्रांती घ्यावी, असे वरिष्ठांनी सुचविले. त्यांनी काम सोडण्यास नकार दिला. झटका ओसरला की ते पुन्हा रुग्णांत व विद्यार्थ्यांत रमत.

येथे थोडे थांबून, हा आजार म्हणजे नेमके काय, हे पाहू. कोटणीस स्वतः शिक्षक होते. त्यांच्या चरित्रात एखादा धडा विज्ञानाचा आला, तर तो अस्थानी ठरणार नाही.

पेशीच्या भिंतीतील दरवाजे

आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे अतिशय पातळ आवरण असते. त्यास पेशीपटल म्हणतात. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी असते. पाण्यात विरघळलेले क्षार विद्युतभारित कणांच्या, म्हणजे आयनांच्या रूपात असतात. सोडिअम, पोटॅशिअम, कॅल्शिअम, क्लोराइड हे त्यांतील प्रमुख. तेलात पाणी मिसळत नाही, तसे हे आयन स्निग्ध पटलातून आरपार जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांचे बनलेले सूक्ष्म मार्ग असतात. यांनाच आयनमार्ग म्हणतात.

हे मार्ग म्हणजे केवळ छिद्रे नव्हेत. वाड्याच्या दिंडी दरवाजावर पहारेकरी असावा, तशी यांची रचना असते. सोडिअमचा मार्ग सोडिअमलाच वाट देतो आणि पोटॅशिअमचा पोटॅशिअमला. काही दरवाजे विद्युतदाब बदलला की उघडतात, तर काही विशिष्ट रसायन येऊन चिकटले की उघडतात. उघड्या मार्गातून एका सेकंदात लाखो आयन जाऊ शकतात.

मेंदूतील चेतापेशी विश्रांत असते, तेव्हा तिच्या आत बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण दाब असतो. बाहेर सोडिअम भरपूर, आत पोटॅशिअम भरपूर. ही तफावत टिकविण्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्च करीत असते. पटलातील एक पंप तीन सोडिअम आयन बाहेर टाकतो व दोन पोटॅशिअम आयन आत घेतो. संदेश आला की सोडिअमचे दरवाजे उघडतात, सोडिअम आत घुसतो आणि आतला दाब क्षणात धन होतो. सुमारे एक सहस्रांश सेकंदात ते दरवाजे आपोआप मिटतात. मग पोटॅशिअमचे दरवाजे उघडून पोटॅशिअम बाहेर पडतो आणि पेशी पूर्ववत होते. हीच विद्युत लहर पेशीच्या लांब तंतूवरून पुढे धावते. आपण विचार करतो, हात हलवितो, बाराखडी आठवतो, ते या लहरींच्या बळावर.

परंतु केवळ उत्तेजन देऊन मेंदू चालत नाही. त्याला लगामही हवा. मेंदूतील काही पेशी 'गाबा' नावाचे रसायन सोडतात. ते दुसऱ्या पेशीच्या क्लोराइडमार्गाला चिकटते, मार्ग उघडतो, ऋणभारित क्लोराइड आत शिरतो आणि ती पेशी शांत राहते. उत्तेजन आणि लगाम यांचा तोल सांभाळला गेला, तर मेंदू सुरळीत चालतो. हा तोल ढळला, तर असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच तालात, अनावर विद्युत लहरी सोडू लागतात. भान हरपते, अंग ताठते, हातपाय झटके देतात. हाच अपस्माराचा झटका होय.

हा तोल अनेक कारणांनी ढळतो. डोक्याला इजा, मेंदूचा ज्वर, जन्मावेळी प्राणवायू अपुरा पडणे ही काही कारणे. पट्टकृमीची अंडी दूषित अन्नपाण्यातून पोटात गेल्यास त्यांच्या अळ्या मेंदूत जाऊन बसतात. भारतात हे अपस्माराचे एक महत्त्वाचे कारण आहे. भाज्या स्वच्छ धुणे, हात धुणे व शौचालय वापरणे या साध्या सवयींनी ते टाळता येते. काही रुग्णांत मात्र दोष थेट आयनमार्गांतच असतो. १९९५ नंतरच्या काही वर्षांत शास्त्रज्ञांना असे अनेक जनुकीय दोष सापडले. नवजात बालकांना येणाऱ्या एका आनुवंशिक झटक्यात पोटॅशिअमचा मार्ग सदोष असतो. बालपणी सुरू होणाऱ्या ड्रावे नावाच्या गंभीर प्रकारात सोडिअमच्या एका मार्गाचे जनुक बिघडलेले असते. येथे एक विस्मयकारक गोष्ट दिसते. सोडिअमचा मार्ग बिघडल्यास पेशी मंदावली पाहिजे, मग झटके का यावेत? कारण हा मार्ग विशेषतः लगाम धरणाऱ्या पेशींना लागतो. लगाम ढिला पडला की बाकीच्या पेशी उधळतात. म्हणूनच सोडिअमचे मार्ग अडविणारी नेहमीची औषधे या मुलांना कित्येकदा अपायकारक ठरतात. झटका वरून सारखा दिसला, तरी कारण निराळे व उपचारही निराळा असू शकतो.

आयनमार्गांचे बिघाड मेंदूपुरते मर्यादित नाहीत. हृदयाच्या पोटॅशिअम वा सोडिअम मार्गांत दोष असला, तर धडधाकट दिसणाऱ्या तरुणाचा हृदयताल अकस्मात बिघडू शकतो. पटकीच्या जंतूचे विष आतड्यातील क्लोराइडमार्ग उघडे ठेवते आणि शरीरातील पाणी वाहून जाते. कोकणातील लाल विंचवाचे विष चेतातंतूंच्या सोडिअममार्गांना नीट मिटू देत नाही; त्यातून उसळणाऱ्या संप्रेरकांच्या लाटेने हृदय थकते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कित्येकांचे प्राण वाचविले, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट आहे.

काळाची विचित्र जुळणी

या विज्ञानाचा इतिहास आणि कोटणीसांचे आयुष्य यांत एक विलक्षण योगायोग दिसतो. १९३८ साली, ज्या वर्षी ते चीनला निघाले, त्याच वर्षी अमेरिकेत मेरिट व पुटनम यांनी फेनिटोइन हे औषध अपस्मारावर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. त्यापूर्वी १८५७ पासून ब्रोमाइड आणि १९१२ पासून फेनोबार्बिटल वापरात होते. ती औषधे झटके रोखीत, पण रुग्णाला गुंगी आणीत. फेनिटोइनने गुंगीवाचून झटके आवरता येतात, हे दाखवून दिले. १९३९ साली, कोटणीस येनानच्या गुहांत काम करीत असताना, इंग्लंडमधील प्लिमथ येथे हॉजकिन व हक्सली या दोन तरुणांनी माकूळ या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूत सूक्ष्म तार घालून विद्युत लहर प्रथमच आतून मोजली. पाठोपाठ युद्ध सुरू झाले आणि त्यांचे काम थांबले. १९५२ मध्ये त्यांनी सोडिअम व पोटॅशिअम यांच्या हालचालींचे पूर्ण गणित मांडले. १९६३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९७६ मध्ये नेहर व साकमान यांनी एकट्या मार्गातून वाहणारा प्रवाह मोजून दाखविला.

फेनिटोइन अतिवेगाने उघडझाप करणाऱ्या सोडिअममार्गांना मिटलेल्या स्थितीत धरून ठेवते, हे पुढील काही दशकांत उलगडले. फेनोबार्बिटल 'गाबा'च्या क्लोराइडमार्गाला अधिक काळ उघडे ठेवते, हेही तेव्हाच कळले. म्हणजे औषधे आधी हाती आली आणि ती कशी काम करतात, हे नंतर समजले. वैद्यकात असे पुष्कळदा घडते. परंतु वेढ्यात सापडलेल्या डोंगराळ प्रदेशात, जेथे जखमेवर बांधायचे कापडही धुऊन पुन्हा वापरावे लागे, तेथे अशी औषधे नियमित मिळणे दुरापास्त होते. युद्धात जखमांवरील औषध आधी येते आणि डॉक्टरच्या स्वतःच्या आजाराचे शेवटी.

अखेरची रात्र

डिसेंबर १९४२. उत्तर चीनमधील होपेई प्रांतातील थांग परगण्यात कोकुंग हे खेडे आहे. तेथे ८ डिसेंबरला कोटणीसांना एकापाठोपाठ एक तीव्र झटके येऊ लागले. सहकाऱ्यांनी शर्थ केली. परंतु ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. पुत्र यिनहुआ त्या वेळी साडेतीन महिन्यांचा होता.

झटका पाच मिनिटांहून अधिक लांबला किंवा दोन झटक्यांच्या मध्ये रुग्ण शुद्धीवर आला नाही, तर ती प्राणांतिक स्थिती मानली जाते. एक झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो, कारण मेंदूचा लगाम पुन्हा आवळला जातो. मात्र झटका लांबत गेला, तर 'गाबा'चे क्लोराइडमार्ग पेशीपटलावरून आत ओढले जातात. लगाम धरण्यासाठी जे दरवाजे हवेत, तेच पटलावरून नाहीसे होतात. त्यामुळे जितका उशीर, तितके औषध निष्प्रभ. म्हणूनच आज अशा रुग्णाला काही मिनिटांत इंजेक्शन देण्यावर भर दिला जातो. यासाठी वापरले जाणारे डायझेपाम हे औषध १९६३ मध्ये बाजारात आले. कोटणीसांच्या निधनाला तेव्हा २१ वर्षे उलटली होती. ज्या रात्रीपुढे त्यांचे सहकारी हतबल झाले, तशी रात्र आज तालुक्याच्या रुग्णालयातही पुष्कळदा टाळता येते.

स्मृती

माओ-त्से-तुंग, चू-ते आदी नेत्यांनी कोटणीसांच्या निधनाबद्दल शोक व्यक्त केला. पुढे त्यांचे अवशेष शिचियाच्वांग येथील हुतात्मा स्मारकात नेण्यात आले. तेथे त्यांचा पुतळा आहे आणि लोक आजही आदराने फुले वाहतात. १९४४ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यावरून कोल्हापूरच्या मातीत वाढलेल्या व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला आणि स्वतःच कोटणीसांची भूमिका केली. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. सोलापुरात त्यांच्या जन्मघरी स्मारक उभे राहिले आहे. भारतात आलेले अनेक चिनी नेते त्यांच्या कुटुंबीयांना आवर्जून भेटत. दोन देशांचे संबंध कधी बरे, कधी ताणलेले राहिले. कोटणीसांच्या नावाचा आदर मात्र दोन्हीकडे टिकून आहे. पुत्र यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये तरुणपणीच निवर्तला. पत्नी कुओ छिंगलान २०१२ पर्यंत हयात होत्या आणि भारताशी असलेले नाते त्यांनी अखेरपर्यंत जपले.

या जीवनाचा बोध

विद्यार्थी मित्रांनो, कोटणीसांच्या चरित्रातून सेवा, साहस आणि बंधुभाव यांचा बोध घ्यावा, हे आपणांस सर्वच शिक्षक सांगतील. तो बोध योग्यच आहे. त्यासोबत आणखी एक बोध घ्यावा. अपस्मार असलेला माणूस रुग्णालयाचा प्रमुख होता, शस्त्रक्रिया शिकवीत होता, पुस्तक लिहीत होता. त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला दूर लोटले नाही. हा आजार म्हणजे वेड नव्हे, बाधा नव्हे, करणी नव्हे, कोणाच्या पापाचे फळही नव्हे. तो स्पर्शाने वा उष्ट्याने पसरत नाही. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. योग्य औषधे नियमित घेतल्यास त्यांतील १० पैकी ७ जण झटक्यांवाचून जगू शकतात.

तरीही आपल्या समाजात फिट येणाऱ्या मुलाला शाळेतून काढले जाते, मुलीचा आजार लपवून लग्न लावले जाते आणि औषधाऐवजी अंगारे-धुपारे केले जातात. विवाह कायद्यात अपस्मार हा दोष म्हणून नमूद होता. १९९९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन तो शब्द वगळण्यात आला. कायद्याने जे केले, ते मनाने करणे अद्याप बाकी आहे.

कुपवाड, सांगली व मिरज हा परिसर वैद्यकीय सेवेच्या दृष्टीने भाग्यवान आहे. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत सुरू केलेल्या मिशन रुग्णालयापासून येथे उपचारांची परंपरा आहे. औद्योगिक वसाहतीतील कामगाराच्या मुलाला किंवा जतकडून आलेल्या शेतकऱ्याच्या मुलीला फिट आली, तर डॉक्टर काही मैलांवर आहे. अडसर असतो तो अंतराचा नव्हे, लाजेचा.

आपल्या वसतिगृहात एखाद्या मुलास झटका आला, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घाबरू नये व गर्दी करू नये. आसपासच्या टोकदार वस्तू बाजूला साराव्यात आणि डोक्याखाली मऊ कापड ठेवावे. मुलाला कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ श्वासनलिकेत जाणार नाही. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. कांदा किंवा चप्पल हुंगविण्याने काहीही साधत नाही. घड्याळात वेळ पाहावी. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला किंवा लगेच दुसरा आला, तर विनाविलंब रुग्णालयात न्यावे. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज गोळ्या बंद करू नयेत, कारण अचानक गोळ्या थांबविणे हे झटके वाढण्याचे मोठे कारण आहे. अपुरी झोप व उपासमार यांनीही झटके बळावतात. आणि मूल शुद्धीवर आले की त्याच्याशी पूर्वीसारखेच बोलावे. ही शेवटची गोष्ट सर्वांत सोपी आहे आणि तीच सर्वांत अधिक चुकविली जाते.

सोलापूरच्या एका सामान्य घरातील मुलगा, जेथे एकही नातलग नव्हता अशा देशात, हजारोंचा आप्त झाला. त्याच्या मेंदूतील काही सूक्ष्म दरवाजे अनावर झाले आणि त्याचे आयुष्य अकाली संपले. ते दरवाजे कसे उघडतात व कसे मिटतात, हे आज आपणांस ठाऊक आहे. त्यांना आवरणारी औषधे मिरजेच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतात. आपल्या वर्गातील, आपल्या घरातील एकाही मुलाला अज्ञानापायी किंवा लाजेपायी ती औषधे नाकारली जाऊ नयेत, एवढे जरी आपण पाहिले, तरी डॉ. कोटणीस यांचे स्मरण केल्याचे सार्थक होईल.